पिस्तुलावर रेड डॉट नेमका कुठे बसवायचा? नवीन लोकांसाठी, अगदी पहिल्यापासून

रेंजवर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी नवीन मुलगा येतो, बॅगेतून चकचकीत डबा काढतो आणि विचारतो, "दादा, रेड डॉट मागवलाय ऑनलाइन, कुठे लावू?" (रेड डॉट म्हणजे नेम धरायला लाल ठिपका दाखवणारी छोटी काच.) मी त्याला उलटं विचारतो, "तुझं पिस्तूल उडवलं की त्यात काय काय हलतं ते सांग बघू." बहुतेक जण इथेच गप्प होतात, कारण असा विचार कोणी केलेलाच नसतो, डबा उघडला की समोर जी रेल (सामान अडकवायची पट्टी) दिसेल तिच्यावर चढवून मोकळे. पण खरं उत्तर त्या प्रश्नातच आहे. डॉटची जागा ठरवतो तो तुमच्या पिस्तुलाचा बॅरल (गोळी किंवा छर्रा जातो ती नळी), म्हणजे जो भाग बॅरलशी एकजीव आहे किंवा प्रत्येक शॉटच्या आधी बॅरलसोबत बरोब्बर त्याच जागी येऊन बसतो, तिथेच डॉट बसवायचा. बाकी उंची, मागे-पुढे, स्क्रू हे सगळं त्याच्यानंतर.

पण त्याच्याही आधी दोन गोष्टी, नाहीतर पैसे वाया जातील.

१) आधी ठरवा, डॉट लागतो का?

तुम्ही जर १० मीटर एअर पिस्तूलच्या मॅचेस खेळायला शिकत असाल, म्हणजे जिल्हा, राज्य, नॅशनल वगैरे, तर डॉट विसरा. आयएसएसएफच्या (नेमबाजीची आंतरराष्ट्रीय संघटना) नियमात पिस्तुलावर फक्त ओपन साइट चालते, काच, लेझर, इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. मनू भाकरने २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ मारले ते साध्या मागच्या खाचेतून पुढचा खांब बघून, आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्सला २५ मीटरमध्ये गोल्ड घेतलं तेही तसंच. आणि तो पॅरिसलाच खिशात हात घालून उभा राहिलेला तुर्कीचा काका, युसुफ डिकेच, ज्याचे मीम्स सगळ्यांनी फॉरवर्ड केले, त्याच्याही पिस्तुलावर ओपन साइटच होती. वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा दादरला सावरकर स्मारकात, कुठेही शिकायला गेलात तरी सुरुवात ओपन साइटनेच होणार आणि व्हायलाच पाहिजे असं माझं मत आहे, पहिले सहा महिने तरी.

मग डॉट कोणासाठी? ज्यांना चाळिशी लागलीये आणि फ्रंट साइट धुरकट दिसते त्यांच्यासाठी (मी याच वर्गातला), ज्यांना मॅच खेळायची नाहीये, रविवारी सकाळी मजा म्हणून मारायचंय त्यांच्यासाठी, आणि जे आयपीएससी टाइपच्या प्रॅक्टिकल शूटिंगकडे (जागा बदलत, वेळेशी शर्यत लावून मारायचं) जाऊ इच्छितात त्यांच्यासाठी. तुम्ही यात बसत असाल तर पुढे वाचा.

२) कायद्याचं थोडक्यात

एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटर म्हणजे पॉइंट १७७ चं आणि २० जूलच्या आतलं असेल तर लायसन्स लागत नाही, त्याच्यावर रेल असेल तर डॉट लावा, काही भानगड नाही. लायसन्सवालं पिस्तूल असेल, आपल्याकडे बहुतेकांचं पॉइंट ३२ असतं कारण ९ एमएम सामान्य माणसाला मिळत नाही, तर त्याच्या स्लाइडला (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) हात लावायच्या आधी थांबा. १९५९ च्या आर्म्स अॅक्टच्या कलम ५ प्रमाणे हत्याराची दुरुस्ती, फेरफार वगैरे करायला वेगळं लायसन्स लागतं, म्हणजे ओळखीचा लेथवाला आहे, तो दहा मिनिटांत खाच मारून देतो, असलं काही करायचं नाही. तो पण अडकेल, तुम्ही पण. लायसन्सवाल्या गनस्मिथकडेच जा आणि जे केलं त्याची पावती ठेवा. खाली मी जे हाताने करायचं सांगतोय ते सगळं एअर पिस्तूल आणि तयार रेल असलेल्या पिस्तुलांबद्दल आहे.

३) डॉट काम कसा करतो

हे दोन मिनिटांत सांगतो कारण जागेचं गणित यावर आहे. आत एक छोटा एलईडी असतो, तो समोरच्या तिरप्या काचेवर प्रकाश टाकतो, काच फक्त तो लाल रंग तुमच्या डोळ्याकडे परत पाठवते आणि बाकीचं आरपार दिसतं. पुढे लेझरसारखं काही जात नाही. ही आयडिया फार जुनी, आयर्लंडच्या हॉवर्ड ग्रब नावाच्या दुर्बिणीवाल्याने १९०० साली काढली, बॅटरीवाला लाल ठिपका १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंटने आणला.

याचा तुमच्यासाठी अर्थ इतकाच की डोळा काचेपासून किती लांब असावा याचं बंधन नाही. दुर्बिणीला असतं, डॉटला नाही. त्यामुळे हाताच्या अंतरावर धरलेल्या पिस्तुलावर तो चालतो. पण काच हाताच्या अंतरावर नखाएवढी दिसते, त्यात तो ठिपका शोधायचा असतो, ते शेवटी सांगतो.

४) तुमचं पिस्तूल कुठल्या जातीचं आहे ते बघा

हा मुख्य भाग, सावकाश वाचा.

पहिली जात, बॅरल आणि वरचा सांगाडा एकच. मॅचची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) एअर पिस्तुलं, बरीचशी साधी सीओटू (कार्बन डायऑक्साइड गॅसवाली) पिस्तुलं ज्यांची स्लाइड हलत नाही, आणि पॉइंट २२ मध्ये रुगर मार्क फोर सारखी, ज्यात बोल्ट आतल्या आत मागे-पुढे होतो आणि बाहेरची नळी जागची हलत नाही. इथे डोळे झाकून वरच्या रेलवर बसवा. यापेक्षा चांगली जागा नाही. एकच बघायचं, छर्रा भरायची जागा. डॉट बसवल्यावर अंगठा आणि बोट आत जातंय का, ते घामट हाताने करून बघा, कोरड्या हाताने घरी सगळंच जमतं. मी पहिल्यांदा डॉट अगदी भरायच्या तोंडावर आणून ठेवला होता आणि प्रत्येक छर्रा भरताना काचेवर बोटाचा ठसा, दहा शॉटनंतर ठिपक्याच्या भोवती धुकं. मला वाटलं डॉट खराब निघाला, विकणाऱ्याला शिव्या घालून झाल्या, मग काच पुसली.

दुसरी जात, मोडून भरायचं स्प्रिंगचं पिस्तूल, बॅरल खाली वाकवून कॉक करायचं (स्प्रिंग ताणून तयार करायची) ते. इथे रेल मागच्या नळीवर असते आणि बॅरल बिजागरीवर वेगळा. डॉट मागच्या रेलवरच बसवायचा, बॅरलवर नाही, कारण बॅरल तर तुमच्या हाताचा लिव्हर आहे, त्याच्यावर काही लावलं की दर वेळी त्यालाच धरून ओढणार. आणि इथे एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. साध्या बंदुकीचा धक्का मागे येतो. स्प्रिंगच्या पिस्तुलात पिस्टन पुढे पळताना पिस्तूल आधी मागे येतं आणि पिस्टन पुढे आपटला की झटक्यात पुढे जातं. म्हणजे खालून पिस्तूल पुढे पळतं आणि वरचा डॉट जागच्या जागी राहायला बघतो, म्हणून माउंट दर शॉटला केसभर मागे सरकतो. म्हणून माउंटच्या मागे स्टॉप पाहिजे. बऱ्याच रेलवर त्यासाठी एक छोटं भोक असतं, माउंटच्या पोटातली पिन त्यात बसवायची. भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा स्टॉपर ब्लॉक घट्ट करा. आणि स्वस्तातला डॉट असेल तर स्प्रिंगच्या पिस्तुलावर त्याची सर्किट टिकेल अशी आशा ठेवू नका, दोन्ही बाजूंनी हादरे खायला तो बनवलेला नसतो.

तिसरी जात, स्लाइड हलणारं सीओटू ब्लोबॅक. दिसायला खऱ्यासारखं, आवाज पण छान, आणि नवीन मुलांना हेच हवं असतं. यात बॅरल फ्रेमला धरून स्थिर असतो आणि वरची स्लाइड सैल, हलकी, खडखडणारी. अशा स्लाइडवर डॉट लावला की स्लाइड जितकी डुगडुगते तितका तुमचा झिरो (ठिपका आणि छर्रा लागायची जागा जुळवलेली सेटिंग) डुगडुगतो. हाताने धरून स्लाइड डावी-उजवी हलवून बघा, जरा जरी खेळ जाणवला तर वर लावू नका. याच्यासाठी ब्रिज माउंट नावाचा प्रकार मिळतो, कमानीसारखा, तो बॅरलखालच्या रेलला किंवा फ्रेमला पकडतो आणि स्लाइडच्या वरून पूल टाकतो, स्लाइड त्याच्या खालून पळते. दिसायला अवजड आहे, होल्स्टरमध्ये जात नाही, पण डॉट बॅरलसोबत राहतो. फक्त फ्रेम प्लॅस्टिकची असेल तर फार आवळू नका.

चौथी जात म्हणजे खरी काडतुसं उडवणारी स्लाइडवाली सेंटरफायर पिस्तुलं. यातल्या बऱ्याच पिस्तुलांत बॅरल शॉटच्या वेळी थोडा मागे येऊन वाकतो आणि परत येऊन स्लाइडमध्ये लॉक होतो. मग तर बॅरल पण हलतो, असं तुम्ही म्हणाल. हो, पण प्रत्येक शॉटच्या क्षणी स्लाइड आणि बॅरल एकमेकांत त्याच जागी चावून बसलेले असतात, म्हणून स्लाइडवरचा डॉट चालतो. जागा कुठली, तर मागच्या साइटच्या पुढे आणि रिकामी केस (काडतुसाची नळकांडी) बाहेर पडायच्या खिडकीच्या मागे. खिडकीच्या पुढे नाही, तिथे गरम केस काचेवर आदळते, धूर काचेवर बसतो आणि स्लाइडचं तोंड जड होतं. त्या मधल्या जागेत तीन पद्धती. एक, मागची साइट काढून तिच्या खाचेत प्लेट अडकवायची, सर्वात स्वस्त पण डॉट उंच बसतो आणि खाच छोटी म्हणून पकड कमजोर. दोन, कारखान्यातून कापून आलेली स्लाइड आणि वर बदलती प्लेट, ग्लॉकने २०१५ मध्ये एमओएस नावाने ही आणली, इतर कंपन्यांचीही मिळते. तीन, स्लाइडच त्या डॉटच्या मापाने कोरून घ्यायची, सर्वात खाली बसतो, सर्वात घट्ट, पण मग दुसरा डॉट बसणार नाही.

आयपीएससी ओपन डिव्हिजनची (पिस्तुलात जवळपास सगळे बदल चालतात तो गट) रेस गन बघितली असेल तर तिचा डॉट स्लाइडवर नसतोच, फ्रेमला स्क्रू केलेल्या एका पट्टीवर स्लाइडच्या वर तरंगत असतो. १९९० च्या वर्ल्ड शूटला, म्हणजे आयपीएससीच्या जागतिक स्पर्धेला, डग कोनिग रेड डॉट लावलेल्या पिस्तुलाने जिंकला आणि तिथून ओपनमध्ये डॉटची लाट आली. फ्रेमवर असल्यामुळे शॉटनंतर ठिपका स्लाइडसोबत उडी मारत नाही, लवकर परत सापडतो, आणि सर्किटला धक्के कमी. पण पिस्तूल केवढं मोठं होतं. आपल्यासारख्यांनी फक्त समजून घ्यायला म्हणून सांगितलं.

५) उंची, जितकी खाली तितकी बरी

हे आकड्यात दाखवतो, नाहीतर पटत नाही. समजा तुमचं सीओटू पिस्तूल छर्रा सेकंदाला १२० मीटरने फेकतं. १० मीटर जाईपर्यंत तो साधारण ३४ मिलिमीटर खाली पडतो, हवेचा अडथळा सोडून देऊ. डॉट बॅरलच्या मध्यापासून ३५ मिलिमीटर वर आहे आणि तुम्ही १० मीटरला झिरो केलंय. आता त्याच सेटिंगवर ५ मीटरला मारा, छर्रा ठिपक्याच्या सुमारे ९ मिलिमीटर खाली लागेल. तोच डॉट अॅडॉप्टरवर अॅडॉप्टर चढवून ६० मिलिमीटर उंच केला तर ५ मीटरला २१-२२ मिलिमीटर खाली. आणि मूळ ओपन साइट, जी १५ मिलिमीटरवर असते समजा, तिचा फरक जेमतेम मिलिमीटरभर. म्हणजे कायम एकाच अंतरावर मारणार असाल तर उंचीने फार बिघडत नाही, पण अंतर बदललं की उंच डॉट दगा देतो.

दुसरं म्हणजे उंच डॉटला १० मीटरला झिरो करायला तो खाली बघेल असा बराच फिरवावा लागतो. वरच्याच उदाहरणात ३५ मिलिमीटरला साधारण २४ एमओए (कोनाचं बारीक माप, अंशाचा साठावा भाग), ६० ला ३२ एमओए. स्वस्त डॉटचा स्क्रू कधीकधी तिथपर्यंत पोचतच नाही, शेवटाला अडकतो, आणि माणूस बसतो किर्र किर्र फिरवत.

उंची वाढते ती मुख्यतः चुकीच्या माउंटमुळे. एअर पिस्तुलावर बहुतेक ११ मिलिमीटरची डवटेल असते, दोन बाजूंना तिरप्या कापलेल्या खाचा. डब्यात येतो तो माउंट असतो पिकॅटिनीचा, २१ मिलिमीटर रुंद, मध्ये चौकोनी आडव्या खाचावाला. मग दुकानदार ११ ते २१ चा अॅडॉप्टर देतो आणि डॉट मजल्यावर मजला चढतो. घेतानाच ११ मिलिमीटरचा लो माउंट असलेला घ्या. रेल मोजायला व्हर्नियर नसेल तर शाळेची पट्टी पण चालेल, ११ आणि २१ मध्ये गल्लत होणार नाही.

६) मागे-पुढे किती?

यावर लोक उगाच वाद घालतात. डोळ्यापासून काच ६५ सेंटिमीटरवर असो की ७० वर, काच दिसायला सात टक्के लहान होते, बस. म्हणून दिसण्यासाठी म्हणून मागे-पुढे करत बसू नका. वजनाने ठरवा. छोटा उघडा डॉट ३०-३५ ग्रॅमचा, तो कुठेही ठेवा, फरक पडत नाही. नळीसारखा मोठा डॉट शंभर ग्रॅमच्या वर जातो, तो पुढे ठेवला की पिस्तूल नाक खाली टाकतं, मागे ठेवला की मनगटावर शांत बसतं. मी मागे ठेवतो. फक्त कॉक करायचा हात, सेफ्टी आणि भरायची जागा मोकळी राहील इतपतच मागे.

पिकॅटिनी रेलवर आडवी दांडी खाचेत टाकली की माउंट पुढे ढकलून, खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मग आवळायचा, कारण साध्या धक्क्यात पिस्तूल मागे येतं आणि डॉट पुढे जायला बघतो. स्प्रिंगच्या पिस्तुलात मात्र उलटं, वर सांगितलंय.

७) बसवायचं कसं

पिस्तूल रिकामं आहे ना बघा. सीओटूची बाटली काढा, पीसीपीत हवा असेल तर चेंबर उघडून डोळ्याने बघा. मग परत बघा.

सामान म्हणजे एक बरी अॅलन की किंवा टॉर्क्स बिट, डब्यात येते ती नाही, ती पोळीसारखी मऊ असते आणि स्क्रूचं तोंड गोल करून टाकते. मुंबईत नागदेवीच्या हत्यार-बाजारात जाऊन एक चांगली घ्या, तिथे एक चावी मागितली तरी हजार चाव्या असलेला ट्रे समोर ठेवतात. सोबत थोडं आयसोप्रोपिल, ते लॅमिंग्टन रोडला मिळतं, नाहीतर केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट, आणि निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल पडू नये म्हणून लावतात ते). लाल नको, लाल लावलं की तापवल्याशिवाय सुटत नाही. आणि कृपा करून फेविक्विक लावू नका, मी एकाला खरंच लावताना पकडलंय.

रेल आणि स्क्रू स्पिरिटने पुसून तेल काढा. तेलाचा थर राहिला की कितीही आवळा, सरकणार. थ्रेडलॉकर टाचणीच्या टोकाएवढं, फक्त आट्यांवर, भोकात ओतायचं नाही, नाहीतर ते वाहत जाऊन काचेपर्यंत किंवा ट्रिगरपर्यंत पोचतं. सगळे स्क्रू आधी हाताने बसवा, मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. डॉटच्या बारीक स्क्रूंना साधारण १२ ते १५ इंच-पाउंड, म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं, पण तुमच्या डॉटच्या कागदावर जो आकडा असेल तोच धरा. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर नसेल तर अॅलन कीची छोटी बाजू दोन बोटांत धरून जितकं घट्ट होईल तितकंच, लांब बाजूने जोर लावला की आटे गेलेच समजा.

स्क्रूची लांबी पण तपासा. फार लांब स्क्रू खालून आत घुसून कुठल्यातरी हलत्या पार्टला टेकतो आणि पिस्तूल अडकायला लागतं, फार छोटा असला तर दोन आट्यांवर लटकतो. स्क्रू आवळल्यावर स्लाइड किंवा बोल्ट हाताने चालवून बघा, आधी चालत होता तसाच मोकळा चालला पाहिजे.

शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून माउंटपर्यंत आणि माउंटवरून रेलपर्यंत एक बारीक रेघ ओढा. पेंट मार्कर नाहीतर घरातली नेलपॉलिश. (विचारून घ्या.) रेघ तुटली म्हणजे काहीतरी सरकलं.

ही रेघ मी कधीपासून ओढायला लागलो ते सांगतो. माझ्याकडे आधी स्प्रिंगचं पिस्तूल होतं, आणि एका क्लबात दोन रविवार माझा ग्रुप (छिद्रांचा पुंजका) प्रत्येक कार्डावर भटकत होता, आधी डावीकडे, मग खाली, मग कुठेही. कोच सर म्हणाले ट्रिगर झटकतोयस, ड्राय कर (म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने ट्रिगर ओढायचा सराव). मी महिनाभर संध्याकाळी ऑफिसवरून येऊन भिंतीसमोर दोनशे-दोनशे ड्राय केलं. नंतर एके दिवशी डॉट पुसायला काढला तर माउंटच्या खाली रेलवर पॉलिश घासून चकाकणारा पट्टा, मागे-मागे गेलेला, आणि क्लॅम्प एका बाजूला तिरका. दर शॉटला तो थोडा मागे आणि थोडा वाकडा. स्टॉप पिन होती की, डब्यातल्या छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सीलबंद. ट्रिगर मात्र सुधारला, ते सोडा.

८) झिरो करणं

ओपन साइट अजून जागेवर असेल तर काम अर्धं झालं. नेहमीसारखं ओपन साइटने टार्गेटवर धरा, आणि हात न हलवता डॉटचे स्क्रू फिरवून ठिपका फ्रंट साइटच्या टोकावर आणून बसवा. कच्चा झिरो झाला. मग टेबलावर उशी किंवा वाळूची पिशवी, त्यावर हात टेकून १० मीटरला पाच शॉट. एका शॉटवर स्क्रू फिरवू नका, पाचांचा मध्य बघा.

बहुतेक डॉटला एक क्लिक म्हणजे १ एमओए, १० मीटरला ते साधारण ३ मिलिमीटर. ग्रुप १२ मिलिमीटर खाली आणि ६ डावीकडे असेल तर चार क्लिक वर, दोन उजवीकडे. डायलवरचा बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, ठिपका कुठे जाईल ते नाही, इथे सगळेच एकदा तरी उलटं फिरवतात.

ठिपक्याचा आकार पण याच अंतराने बघा. ६ एमओएचा ठिपका १० मीटरला साडेसतरा मिलिमीटर झाकतो आणि एअर पिस्तूलच्या टार्गेटची दहाची रिंग आहे ११.५ मिलिमीटरची, म्हणजे अख्खी दहा त्याच्या पोटात. २ किंवा ३ एमओएचा घ्या, आणि ब्राइटनेस कमी ठेवा, ट्यूबलाइटच्या रेंजमध्ये फुल केला की ठिपका फुलबाजी होतो. कमी करूनही फुलबाजीच दिसत असेल, शेपटीवाला तारा वगैरे, तर मोबाइलने काचेतून फोटो काढा. फोटोत गोल असेल तर डॉट ठीक आहे, तुमच्या डोळ्याचा नंबर तपासा, अॅस्टिगमॅटिझम असतो बऱ्याच जणांना.

अजून एक, डब्यावर पॅरालॅक्स फ्री (डोळा हलला तरी नेम हलत नाही) लिहिलेलं असतं त्यावर १० मीटरला भरवसा नको. ठिपका काचेच्या कडेला ठेवून मारला तर छर्रा सेंटिमीटरभर इकडे तिकडे होऊ शकतो, आणि एअर पिस्तूलच्या टार्गेटला रिंगमधलं अंतर आहेच ८ मिलिमीटर. म्हणून ठिपका मधोमध ठेवायची सवय लावा.

९) ठिपका सापडत नाही!

पहिल्या दिवशी हात वर केला की काच रिकामी. मग माणूस पिस्तूल वर्तुळात फिरवत बसतो, मोबाइलला नेटवर्क शोधतो तसं. काचेत बघू नका, टार्गेटकडे बघत राहा आणि फ्रंट साइटचं टोक टार्गेटवर न्या, ठिपका त्याच्याच डोक्यावर येऊन बसतो. फ्रंट साइट काढून टाकलेली असेल तर पिस्तुलाचं नाक जरा खाली करा, नवीन माणसाचं नाक बहुतेक वर असतं.

हे घरी रोज दहा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने करा, छर्रे दुसऱ्या खोलीत ठेवून. पण पडदा लावून! आपल्याकडे बिल्डिंग-बिल्डिंगमध्ये दहा फुटांचं अंतर, समोरच्या काकूंना खिडकीतून पिस्तूल रोखलेला माणूस दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आणि अर्ध्या तासात दारात हवालदार. लोकलने रेंजवर जाताना पण पिस्तूल बंद केसमध्ये, सोबत बिलाची झेरॉक्स आणि क्लबचं कार्ड, स्टेशनवर बॅग तपासली तर उघडून शांतपणे दाखवायचं.

१०) आपला पावसाळा

एसी रेंजमधून जुलैत बाहेर आलात की थंड काचेवर लगेच दव धरतं, शर्टाने पुसू नका, पाच मिनिटं केसमध्ये राहू द्या, आपोआप जातं. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर महिन्याला बदला. डॉट अॅल्युमिनियमचा असला तरी स्क्रू लोखंडाचेच असतात, वरळी-दादरच्या खाऱ्या हवेत एका सीझनमध्ये गंजून डोकं धरून बसतात, डोक्यावर तेलाच्या एका थेंबाचं बोट फिरवा, आट्यांना नाही. उघड्या डॉटमध्ये एलईडीसमोर पावसाचा थेंब किंवा बॅगेतला कापूस बसला की ठिपका गायब किंवा अर्धा, ब्लोअरने फुंका, तोंडाने नाही, तोंडाने थुंकी जाते.

बॅटरी बहुतेक सीआर २०३२ किंवा १६३२ असते. घेताना बघा की ती बाजूने किंवा वरून बदलता येते का. काही डॉटची बॅटरी बुडात असते, ती बदलायला अख्खा डॉट काढावा लागतो आणि मग परत स्पिरिट, परत थ्रेडलॉकर, परत रेघ, परत पाच-पाच शॉट. माझा पहिला तसाच होता, त्यामुळे बॅटरी संपायच्या भीतीने मी तो चालूच करत नव्हतो.